वरचे शंभर मीटर

टेपकाकांनी आयुष्यात चुका काही कमी केल्या नाहीत. बढतीच्या मुलाखतीला ते चक्क एक दिवस उशिरा पोहोचले होते. सख्ख्या मेव्हण्याला दोन वर्षं भलत्याच नावानं हाका मारत होते, आणि तो बिचारा भिडेखातर ओ देत होता. एकदा तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या दाराला आपली किल्ली लावून अर्धा तास झटापट करत उभे होते. पण माप? माप चुकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. निदान त्या मंगळवारी दुपारी सव्वातीनपर्यंत तरी सगळ्यांचा असाच समज होता, आणि सगळ्यांत पक्का समज त्यांचा स्वतःचा.

रस्ते खात्यात एकतीस वर्षं मोजणीदार होते ते. शर्टाच्या खिशात स्टीलची छोटी टेप कायम, म्हणून नाव पडलं टेपकाका. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच. त्यांचं मुख्य हत्यार मात्र टेप नव्हे, चाक. लांब दांडा, दांड्याच्या टोकाला चाक, चाकाला रबराची धाव, आणि चाकाचा घेर बरोब्बर एक मीटर. चाक एकदा फिरलं की 'टक्' होतं आणि दांड्यावरच्या खिडकीत आकडा एकानं पुढे सरकतो. हजार टक् म्हणजे एक किलोमीटर. एकतीस वर्षं हा माणूस त्या टक्-टकच्या मागून चालला. घरी आल्यावरही मोजणं थांबायचं नाही. बायको म्हणायची, मी निम्मी झाले तरी ह्यांच्या लक्षात यायचं नाही, पण पडदा दोन बोटं आखूड झाला की लगेच येईल. आणि ते खरंच होतं.

खात्यात त्यांचा एक नियम होता. कचेरीच्या अंगणात फरशीवर पितळेच्या दोन खुंट्या ठोकलेल्या होत्या, बरोबर पन्नास मीटर अंतरावर. चाकाचं रबर बदललं, चाक पडलं, नुसतं धुतलं तरी आधी त्या दोन खुंट्यांमध्ये चालवून बघायचं. पन्नास टक् झाले तर बाहेर न्यायचं, नाही तर नाही. नव्या आलेल्या माणसाला ते पहिल्या दिवशी हेच शिकवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तिसऱ्या दिवशी त्यानं चुकवलं तर असे काही बोलायचे की तो जन्मात विसरायचा नाही.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी त्यांना त्यांचंच चाक भेट दिलं. भांडार सांभाळणाऱ्या गृहस्थानं हौसेनं ते सजवून घेतलं होतं. दांड्याला नवा रंग, मुठीला कातडं, आणि झिजलेल्या रबराच्या जागी छान जाड, काळंभोर नवं रबर. टेपकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी आणून त्यांनी ते दाराशेजारी उभं करून ठेवलं, छत्रीच्या बाजूला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. स्वतःच्या हातावर कोण संशय घेतो? तसंच होतं ते. हात तपासून बघावा असं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता खारूबद्दल सांगायला हवं. खारू ही त्यांची एकुलती एक लेक. लहानपणी कपाटावरून पलंगावर, पलंगावरून खिडकीत अशी उड्या मारायची, म्हणून खारूताई, आणि त्याचं झालं खारू. वय सत्तावीस, चष्म्याच्या दुकानात काउंटरवर नोकरी. दीड वर्षापूर्वी इमारतीत गॅसगळती झाली तेव्हा अग्निशमन दलाची गाडी आली होती, आणि जवानांत एक बाई होती. चौथ्या मजल्यावरच्या आजारी म्हाताऱ्याला तिनं पाठीवर घेऊन खाली आणलं, पायरीवर बसवलं, हेल्मेट काढलं आणि प्यायला पाणी मागितलं. बस, एवढंच. पण खारू जिन्यात उभी राहून ते बघत होती, आणि संध्याकाळी तिनं जाहीर केलं की मला हेच करायचंय. आई म्हणाली, अगं, तुला काडी ओढायची भीती वाटते. खारू म्हणाली, म्हणून तर.

लेखी परीक्षा ती पहिल्याच झटक्यात पास झाली. उरली शारीरिक. त्यातही बाकीचं जमण्यासारखं होतं, कठीण होतं ते धावणं: सोळाशे मीटर, आठ मिनिटांच्या आत. भरती दोन वर्षांतून एकदा आणि वयाची अट अठ्ठावीस, म्हणजे ही पहिली आणि शेवटची संधी. हातात पाच महिने होते. खारू त्याआधी बस पकडायलासुद्धा धावली नव्हती.

टेपकाका कामाला लागले. निवृत्त माणसाला काम मिळालं की काय होतं ते ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना सांगायला नको. त्यांची स्वतःची कंबर बरी करणाऱ्या फिजिओबाईंकडे ते लेकीला घेऊन गेले. बाई अनुभवी होत्या. त्यांनी सांगितलं, धावणाऱ्यांना जी दुखणी होतात ती पडल्यामुळे कमी आणि घाईमुळे जास्त. आठवड्याचं अंतर दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त वाढवायचं नाही. एक दिवस जोरात, दुसऱ्या दिवशी सावकाश, तिसऱ्या दिवशी पूर्ण आराम, आणि आराम म्हणजे आराम. काँक्रीटवरून नको, कडेच्या मातीवरून धाव. बूट दिसायला कितीही नवे असोत, सहाशे किलोमीटर झाले की बदल. आणि नडगीच्या हाडावर एका बोटाएवढ्या जागी दुखायला लागलं, तर त्या क्षणी थांब, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नकोस.

सगळे आकडेच आकडे. टेपकाकांना तर पर्वणीच वाटली. त्यांनी चौकटीच्या कागदावर पाच महिन्यांचा तक्ता आखला आणि फ्रिजवर चिकटवला. शहरातलं धावपट्टीचं मैदान दुरुस्तीसाठी बंद होतं, म्हणून तलावाकडेचा रस्ता ठरला. एका रविवारी सकाळी ते आपलं भेटीचं चाक घेऊन गेले, टक्-टक करत सोळाशे मोजले आणि दर शंभराला पांढऱ्या रंगाची रेघ मारली. सोळाशेला जाड रेघ, दोन बोटांची. सकाळी फिरायला येणाऱ्यांनी त्यांचं कौतुक केलं. आता आम्हालाही कळेल आम्ही किती चालतो, म्हणाले. टेपकाका दिवसभर खुशीत होते.

पहिल्या दिवशी खारूला दहा मिनिटं वीस सेकंद लागली. मग नऊ चाळीस झाली, मग नऊ पाच, मग आठ पन्नास. टेपकाका जाड रेघेवर हातात घड्याळ घेऊन उभे राहायचे. रेघेच्या अलीकडे, शंभर मीटरवर, एक हिरवं बाक होतं. खारू बाकापाशी आली की ते ओरडायचे, शेवटचे शंभर, ओढ! रोज, न चुकता. त्या शंभरांत तिचा चेहरा बघवत नसे. रंग उडालेला, मान मागे गेलेली.

तिसऱ्या महिन्यात वेळ आठ सत्तावीसवर आली आणि तिथंच अडकली. आठ सत्तावीस, आठ पंचवीस, आठ सव्वीस, पुन्हा सत्तावीस. काही केल्या हलेना. त्याच सुमारास खारूच्या मैत्रिणीनं तिला एक दिवस आपलं मनगटावरचं घड्याळ दिलं, उपग्रहावरून अंतर सांगणारं. घरी येऊन खारू सावकाश म्हणाली, "बाबा, ह्या घड्याळात सतराशे दाखवतंय. माप चुकलं नसेल ना?"

झालं. टेपकाकांना ते असं काही लागलं की विचारू नका. एकतीस वर्षांत साहेबानं हा प्रश्न विचारला नव्हता, ठेकेदाराची टाप नव्हती, आणि पोटची पोर विचारते? उपग्रह आभाळात असतो, झाडाखाली त्याला काय दिसतंय, माझं चाक जमिनीला टेकून चालतं, असं बरंच काही ते बोलले. एवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, "नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणू नये. माप चुकत नाही खारू, पाय चुकतात."

आणि खात्री पटवायला दुसऱ्या दिवशी तिला सोबत घेऊन गेले. तिच्या डोळ्यांदेखत त्याच चाकानं तोच रस्ता तीनदा मोजला. तिन्ही वेळा चाक त्याच रेघेवर येऊन सोळाशेला थांबलं. एक टक् इकडे नाही, तिकडे नाही. ते म्हणाले, बघ. खारूनं बघितलं. जन्मापासून ज्या माणसाचं माप एकदाही चुकलेलं तिनं पाहिलं नव्हतं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा की एका उसन्या घड्याळावर? तिनं घड्याळ परत केलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतर खारू आरामाच्या दिवशी, दुकानात माल मोजायचाय म्हणून, संध्याकाळी उशिरा यायला लागली. गरम होत असतानाही लांब पँट घालायला लागली. आईनं विचारलं तर म्हणायची, दुकानात एसी आहे. तक्त्यावर मात्र सगळं यथास्थित होतं. आराम म्हणजे आराम, चौकटीत बरोबरची खूण. टेपकाकांना वाटत होतं, पोरगी नियमानं चाललीय, आज ना उद्या जमेल.

परीक्षेला पाच आठवडे उरले होते तेव्हाची गोष्ट. खारूनं बाक ओलांडलं. टेपकाका ओरडले, शेवटचे शंभर, ओढ! ती आणखी वीस-पंचवीस पावलं आली आणि खाली बसली. त्यांना वाटलं बुटाची नाडी सुटली. ते घड्याळाकडे बघत ओरडले, ऊठ, वेळ चाललीय. ती उठली नाही. दोन्ही हातांनी नडगी धरून ती नुसती बसून होती. ते तिच्यापाशी पोहोचले तरी त्यांचं घड्याळ चालूच होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर. ते म्हणाले, ही आजची नाही, कितीतरी दिवसांपासून वाढतेय, आणि तक्त्याप्रमाणे धावणाऱ्या माणसाला ही होत नाही. मग खारू बोलली. आरामाच्या दिवशी ती दुकानातून सुटल्यावर उड्डाणपुलावर धावत होती. काँक्रीटवर, चढावर. पाच आठवडे. दुखायला लागून तीन आठवडे झाले होते. टेपकाकांना धक्का बसला, रागही आला, पण प्लास्टर घातलेल्या पोरीला काय बोलणार? तुझी अक्कल कुठं चरायला गेली होती, एवढंच म्हणाले, आणि तेही बाहेर आल्यावर, भिंतीला.

सहा आठवडे प्लास्टर. परीक्षेची तारीख येऊन गेली. त्या दिवशी घरात कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

पण माणूस कशावर तरी सावरतोच. खारू ज्या वाक्यावर सावरली ते तिनं प्लास्टरच्या चौथ्याच दिवशी आईला ऐकवलं होतं. बरं झालं मोडलं, म्हणाली, नाही तर तिथं सगळ्यांसमोर नापास झाले असते. माझ्यात नव्हतंच ते. मग हळूहळू ती जेवायला लागली, झोपायला लागली, आईची थट्टा करायला लागली. धावायचे बूट तिनं समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंना देऊन टाकले. आईनं कुठून तरी दुसऱ्या भरतीचा अर्ज आणला होता. कारखान्यांच्या वसाहतीचं स्वतःचं अग्निशमन दल, वयाची अट तीस, धावण्याची परीक्षा पुढच्या वर्षी, अर्जाची मुदत येत्या शुक्रवारपर्यंत. खारूनं तो न वाचता रद्दीत सारला. पाय त्यातले नाहीत गं, म्हणाली, हसत हसत. अख्खं घर त्या हसण्यावर चाललं होतं.

आणि मग तो मंगळवार.

प्लास्टर निघालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुबडी घेऊन रोज दहा मीटर चाला, चार दिवसांनी वीस. टेपकाकांना पुन्हा एक आकडा मिळाला. दुपारी दोघी आत पडल्या होत्या. ते दाराशेजारचं चाक घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात आले. लिफ्टपासून शेवटच्या दारापर्यंतचा तो व्हरांडा त्यांनी घर घेतलं त्या दिवशीच टेपनं मोजला होता. एकवीस मीटर वीस सेंटीमीटर. हे इमारतीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं होतं. सहज गंमत म्हणून त्यांनी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. एकवीस टक् व्हायला हवे होते.

एकोणीस झाले. विसावा टक् होता होता चाक भिंतीला टेकलं.

ते मनाशी हसले. वय झालं, मोजताना चुकलो. पुन्हा चालवलं. एकोणीस. दांड्यावरच्या खिडकीची काच पुसून आकडा बघितला. एकोणीस. मग त्यांनी खिशातली टेप काढली आणि गुडघ्यांवर बसून व्हरांडा मोजला, तुकड्या-तुकड्यानं, पेन्सिलीच्या खुणा करत. एकवीस मीटर वीस. व्हरांडा जागच्या जागी होता.

त्यांनी चाक आडवं केलं. टेपचं टोक रबरावर अंगठ्यानं दाबून धरलं, आणि टेप सावकाश चाकाभोवती फिरवून आणली. एक मीटरचा आकडा आला, आणि टेप अजून टोकाला भेटली नव्हती. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. एक मीटर सहा सेंटीमीटर, आणि वर केसभर.

छान जाड, काळंभोर नवं रबर. जेमतेम एक सेंटीमीटर जास्त जाड.

टेपकाका व्हरांड्यात जमिनीवर बसून राहिले. शेजारीण पिशवी घेऊन आली, तिनं विचारलं काय हरवलं, आणि त्यांनी तिला वाट द्यायला चाक नुसतं बाजूला ओढलं. डोक्यात हिशेब आपोआप चालला होता. एकतीस वर्षांची सवय, बंद कशी होणार? सोळाशे गुणिले एक पूर्णांक सहा शतांश, आणि वर ते केसभर. सतराशे. पोरीचं घड्याळ सतराशेच म्हणालं होतं. त्यांच्या कानांत स्वतःचाच आवाज आला, नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणू नये. अंगण वाकडं होतं. त्यांनीच वाकडं आखलं होतं, आणि वर पोरीला तिच्या पायांबद्दल ऐकवलं होतं.

तास-दीड तास त्यांनी त्या भांडारवाल्या गृहस्थाला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. मग तेही जमेना. त्यानं हौसेनं रबर बसवलं, त्याला काय ठाऊक! रबर बदललं की पितळेच्या खुंट्यांवर आधी तपासायचं, हे कोणी शिकवायचं? आणि तीनदा मोजून दाखवलं म्हणे! चुकीच्या चाकानं शंभरदा मोजलं तरी शंभरदा तेच येणार. पहिल्या दिवशीच्या शिकाऊ माणसानं असं केलं असतं तर त्यांनी त्याची सालटी काढली असती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

तरीही, मापवाल्या माणसाला शेवटपर्यंत आशा असते की आपलं मोजणं चुकलं असेल. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते तीस मीटरची लांब टेप घेऊन तलावावर गेले. एकटेच. टेपच्या टोकाला खिळा ठोकायचा, ताणत जायचं, खूण करायची, परत येऊन खिळा उपटायचा. त्रेपन्न वेळा तीस, आणि वर दहा. तलावावरचा पहारेकरी आपल्या टपरीतून म्हणाला, काका, रस्ता आकसला की काय? ते पुढचा खिळा ठोकत राहिले. गुडघे सोलवटले, शर्ट पाठीला चिकटला. शेवटचे दहा मीटर ताणून त्यांनी मान वर केली तेव्हा ते हिरव्या बाकापाशी होते.

बाकापाशी. जाड रेघ अजून शंभर मीटर पुढं होती.

तिथंच ते बाकावर बसले. म्हणजे रोज ही पोरगी इथं येऊन पोहोचत होती आणि संपत होतं. परीक्षा इथं संपत होती. आणि रोज ह्याच जागी आल्यावर बाप ओरडत होता, शेवटचे शंभर, ओढ. जे शंभर नव्हतेच. ज्या शंभरांत तिचं हाड गेलं. त्यांनी रडायचा प्रयत्न करून बघितला, पण रडूही येईना, नुसतं तोंड उघडं राहिलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. हातातलं भांडं तिनं खाली ठेवलं, मग उचललं, मग पुन्हा ठेवलं. मग एकदम दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "तिला सांगायचं नाही. झाकली मूठ राहू द्या. आपल्यात नव्हतंच असं समजून ती झोपतेय हो रात्रीची. आता तुम्ही जाऊन सांगणार की होतं?"

ती म्हणत होती ते खरंच होतं. खोटं माप तर खोटं, पण पोर त्यावर उभी होती. खरं सांगितलं तर जे गेलं ते परत येणार नव्हतं, वर आणखी जाणार होतं. रात्रभर टेपकाकांनी दोन्ही बाजूंनी मोजून बघितलं. पण शुक्रवारची मुदत होती. तो अर्ज रद्दीत पडला होता तो त्यांच्या रेघेमुळे. आपली चुकीची रेघ पोरीच्या जन्माला तशीच राहू द्यायची? रस्त्यावर असती तर त्यांनी दुसऱ्या दिवशी खरवडून काढली असती.

सकाळी खारू खिडकीपाशी बसून दुकानातल्या बाईंशी फोनवर बोलत होती. तिनं फोन ठेवल्यावर ते समोर जाऊन बसले. चाक बरोबर आणलं होतं, टेपही. मोठं काही बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, ते सगळं विसरले. त्यांनी नुसती टेप चाकाभोवती फिरवली आणि आकडा तिच्यापुढे धरला. मग म्हणाले, "सोळाशे नव्हते ते. सतराशे होते. तू विचारलं होतंस, आणि मी तुला गप्प केलं. खारू, माप चुकलं. पाय नाही चुकले."

खारू आकड्याकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, तक्ता द्या. त्यांनी फ्रिजवरचा तक्ता काढून आणला. तिनं फोनवर गुणाकार-भागाकार करायला सुरुवात केली. आठ सत्तावीस. मग आठ पंचवीस. एकेका आकड्याखाली ती पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहीत होती. सात सत्तावन्न. सात पंचावन्न. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्यांनी खाली मान घातली.

"अकरा," खारू म्हणाली. "अकरा वेळा मी पास झाले होते."

आणि मग जे सहा आठवडे आलं नव्हतं ते रडू आलं. मोठ्यानं, लहान पोरीसारखं, नाक-डोळे पुसण्याचंही भान न ठेवता. आई पुढे झाली, तिला तिनं जवळ येऊ दिलं. बापाला नाही. त्यांनी हात पुढे केला तेव्हा तिनं तो बाजूला केला. रागानंही नाही. नुसता बाजूला केला, आणि ते त्यांना जास्त लागलं. ते उठून व्हरांड्यात गेले आणि लिफ्टपाशी उभे राहिले. लिफ्ट दोनदा आली आणि गेली. कशात बसून कुठं जावं ते त्यांना कळेना.

दुपारी आईनं येऊन सांगितलं, ती तुमच्याशी बोलणार नाही म्हणतेय. टेपकाका म्हणाले, बरोबर आहे. थोड्या वेळानं आई पुन्हा आली. म्हणाली, रद्दी कुठं ठेवलीत विचारतेय.

संध्याकाळी चालायची वेळ झाली. टेपकाकांनी कुणी न सांगता व्हरांड्यात स्टीलची टेप अंथरली, आणि जिथं दहाचा आकडा आला तिथं खडूनं रेघ ओढून बाजूला उभे राहिले. चाक त्यांनी बाहेर आणलं नव्हतं. दार उघडलं आणि खारू कुबडीवर बाहेर आली. गाऊनच्या खिशातून भरलेल्या अर्जाचा कोपरा दिसत होता. ती बापाकडे न बघता टेपच्या टोकापाशी गेली. ते म्हणाले, इथून सुरू कर, शून्य इथं आहे.

तिनं कुबडी भिंतीला टेकवली, एका पायावर तोल सावरत ती खाली वाकली, आणि टेपचं टोक उचलून तिथं शून्यच आहे ना, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मग कुबडी घेतली आणि पहिलं पाऊल टाकलं.